उन्हावर दूध निर्धोक करता येते काय?

दूध तापवून प्यावे, हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. शहर असो वा खेडे, दूध घरात आले की पातेले आधी चुलीवर किंवा गॅसवर चढते. असे असूनही माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या पूर्वेकडच्या तालुक्यांतून दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांत अधूनमधून एखादा असा निघतोच, की ज्याच्या आजाराचे मूळ कच्च्या दुधात असते. "डॉक्टर, आमच्यात दूध उकळल्याशिवाय कुणी पीत नाही," असे तो सांगतो, आणि ते खोटेही नसते. घरातले दूध उकळलेले असते. रानातले नसते.

मेंढरांच्या कळपात दोन-चार शेळ्या असतातच. दुपारच्या भाकरीला शेळीची धार तांब्यात काढायची आणि तशीच प्यायची, हा मेंढपाळांचा जुना रिवाज आहे. तालमीतल्या पोरांना धारोष्ण दुधाचे महत्त्व वस्ताद सांगतात. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशीची धार थेट पेल्यात पडते आणि लांबून आलेले पाहुणे कौतुकाने ती पितात. लेकराला खोकला झाला की 'शेळीचे कच्चे दूध द्या' असे सांगणारी एखादी आजी प्रत्येक गल्लीत असते. काही घरांत दूध न तापवताच विरजण लावतात आणि दही आंबट झाले म्हणजे जंतू मेले असे समजतात. ते तसे खात्रीने मरत नाहीत.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण म्हणजे गेल्या काही महिन्यांत तीन-चार शेतकऱ्यांनी मला एकच प्रश्न विचारला. सिलिंडरचा खर्च परवडत नाही, सरपण मिळत नाही, चुलीच्या धुराने घरातल्या बाईचा दमा वाढतो. तेव्हा आपल्याकडे ऊन एवढे रखरखीत असताना दूध उन्हावरच 'पाश्चराइज' करता येईल का? उत्तर 'होय' असे आहे. मात्र त्या 'होय'ला तीन-चार अटी चिकटलेल्या आहेत, आणि त्या पाळल्या नाहीत तर न तापवलेले दूध परवडले अशी गत होते.

कच्च्या दुधाचा ताप

आधी आजार समजून घेऊ. कच्च्या दुधातून येणाऱ्या रोगांत आपल्या भागाच्या दृष्टीने सर्वांत फसवा म्हणजे ब्रुसेलोसिस. याला काही लोक 'माल्टा ताप' म्हणतात. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावरच्या ब्रिटिश शिपायांना हा ताप फार येई. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने १८८७ साली त्याचा जंतू शोधला. पण तो येतो कोठून, हे पुढे अठरा वर्षे कुणाला समजले नाही. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झामिट या माल्टीज डॉक्टरला तो तिथल्या शेळ्यांत सापडला. शेळ्या दिसायला ठणठणीत होत्या! पुढच्या वर्षी शिपायांना शेळीचे दूध देणे बंद झाले आणि छावणीतला ताप झपाट्याने ओसरला.

ठणठणीत दिसणाऱ्या जनावराच्या दुधात रोग असू शकतो, ही गोष्ट आजही शेतकऱ्याला पटत नाही. गाय किंवा शेळी एकदा गाभडते, वार अडकते, आणि मग ती पूर्ववत चारा खाऊ लागते, दूध देऊ लागते. मालकाच्या दृष्टीने विषय संपतो. जंतू मात्र तिच्या कासेत ठाण मांडून बसलेले असतात.

माणसात हा रोग सावकाश येतो. संध्याकाळी कणकण, रात्री दरदरून घाम, सकाळी बरे वाटते. कंबर धरते, सांधे दुखतात, भूक जाते, माणूस चिडचिडा होतो. असे आठवडेच्या आठवडे चालते. पुरुषांत कधी वृषणाला सूज येते. गर्भवतीचा गर्भपात होऊ शकतो. माझ्याकडे आलेल्या एका मेंढपाळाच्या पिशवीत विडाल तपासणीचे तीन कागद होते आणि दोन महिन्यांत त्याचे आठ किलो वजन उतरले होते. विषमज्वराची औषधे घेतली की चार दिवस ताप दबायचा आणि पुन्हा यायचा. 'यंदा किती शेळ्या गाभडल्या?' असे विचारल्यावर त्याने बोटे मोजायला सुरुवात केली, आणि रक्ताची कोणती तपासणी करायची ते ठरले. या रोगावर औषध आहे, पण दोन औषधे एकत्र आणि निदान सहा आठवडे घ्यावी लागतात. मध्येच सोडली की ताप परततो. म्हणून दोन-तीन आठवडे ताप हटत नसेल आणि घरी जनावरे असतील, तर डॉक्टरांना तसे आवर्जून सांगा. ते विचारतील याची वाट पाहू नका.

कच्च्या दुधातून येणारा दुसरा पाहुणा म्हणजे जनावरांचा क्षय. गळ्याच्या गाठी, आपण ज्यांना गंडमाळा म्हणतो, त्यांतल्या काही पूर्वीपासून दुधामुळे होत आल्या आहेत. याखेरीज जुलाब, हगवण, विषमज्वराच्या जातीचे ताप आहेतच. धार काढणाऱ्याचे हात, कासेला लागलेले शेण आणि न धुतलेली चरवी त्यांना पुरेशी असते.

६३ अंश आणि अर्धा तास

हे सगळे जंतू मारायला दूध उकळावेच लागते असे नाही. लुई पाश्चर यांनी १८६०च्या दशकात दाखवले की द्राक्षाची दारू उकळीच्या बरीच खाली, ठराविक वेळ तापवली तरी ती आंबवणारे जंतू नष्ट होतात आणि चव टिकते. तीच युक्ती पुढे दुधाला लावण्यात आली. आज मोठ्या डेअरीत दूध ७२ अंश सेल्सिअसवर १५ सेकंद तापवून लगेच थंड करतात. छोट्या प्रमाणावर, एका भांड्यात करायचे तर ६३ अंशांवर सलग ३० मिनिटे. आपल्याला उपयोगाची ती ही दुसरी पद्धत.

हा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकेत पूर्वी तो सुमारे ६१.७ अंश होता. 'क्यू ताप' नावाच्या रोगाचा जंतू एवढ्या उष्णतेत अर्धा तास काढूनही दुधात जिवंत राहू शकतो असे आढळले, म्हणून १९५६ साली मर्यादा जवळपास एक अंशाने वाढवून ६२.८ करण्यात आली. हा जंतू शेळ्या-मेंढ्या आणि गाईंत सापडणारा आहे. एका अंशासाठी एवढा खटाटोप का, असे ज्यांना वाटते त्यांनी हे लक्षात ठेवावे. 'साधारण कडक झाले' याला इथे काही किंमत नाही. बोट घालून पाहणेही निरुपयोगी, कारण ५० अंशांच्या दुधातूनही आपण बोट चटकन काढून घेतो. आपल्या बोटाला पन्नास आणि त्रेसष्ट सारखेच.

मग सरळ उकळावे हे काय वाईट? काहीच नाही. ज्यांच्या घरी गॅस आहे आणि दोन लिटर दूध आहे, त्यांनी आजचा लेख वाचून पातेले उन्हात नेऊ नये. उकळल्याने दुधातले प्रथिन, चुना, स्निग्धांश कोठे जात नाहीत. काही जीवनसत्त्वे थोडी घटतात, एवढेच. जे दूध संकलन केंद्रावर घालायचे आहे तेही तापवू नये. तिथे ताजे, कच्चे दूधच लागते; पुढे डेअरी ते पाश्चराइज करते. हा खटाटोप आहे तो शेळीपाळांसाठी, कारण शेळीचे दूध बहुतेक केंद्रांवर घेतच नाहीत आणि ते घरात, शेजारात, रानातच संपते. आणि वस्तीवर, मळ्यात राहणाऱ्या त्या कुटुंबांसाठी, ज्यांच्याकडे सिलिंडर कोपऱ्यात रिकामा असतो आणि शेणी-काटक्यांवर पाच-दहा लिटर दूध रोज तापवावे लागते. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या, विडीला कधी हात न लावलेल्या बायकांची फुफ्फुसे मी रोज तपासतो. धूर तासाभराने जरी कमी झाला तरी मला तो औषधाइतकाच मोलाचा वाटतो.

ऊन किती, दूध किती

उन्हाने दूध तापवणे ही काही नवलाई नव्हे. २००६ साली लातूरच्या महानंद दुग्धशाळेत सुमारे १६० चौरस मीटरची आरशांची प्रचंड तबकडी उभारण्यात आली. मुंबईच्या आयआयटीच्या सहकार्याने तयार झालेली ही 'अरुण' तबकडी सूर्यामागे वळत राहते आणि तिने तापवलेले दाबाखालचे पाणी पाश्चरायझेशनला वापरले गेले. अर्थात ते काम लाखोंचे. छोट्या माणसाच्या बाजूने पाहायचे तर आपल्याच जिल्ह्यातल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचे काम अधिक जवळचे आहे. तिथे पिण्याचे पाणी चारपदरी सुती साडीतून गाळून, सोलर हीटरच्या काचेच्या नळ्यांत उन्हाने तापवून निर्जंतुक करण्याची स्वस्त रीत बसवण्यात आली. पाणी न उकळताही निर्धोक होते, हेच तत्त्व. अमेरिकेत मेटकाफ आणि सिओकेटी यांनी सौरपेटीत सुमारे ६५ अंशांवर पाणी जंतुमुक्त होते हे १९८४ मध्ये प्रसिद्ध केले होते. दुधाच्या बाबतीत अर्जेंटिनाच्या डोंगराळ भागात चीज करणाऱ्या शेळीपाळांसाठी दहा लिटरचे सौरयंत्र झाले, केनियाच्या कोरड्या मुलखात उंटिणीच्या दुधासाठी झाले. शेळ्या, दुष्काळ आणि ऊन ही तिन्ही आपल्या माणदेशातही आहेतच.

आता हिशेब. दोन लिटर दूध ३० अंशांवरून ६५ वर न्यायला साधारण ८० वॅट-तास उष्णता लागते. भर दुपारी स्वच्छ आकाशाखाली एका चौरस मीटरवर हजार वॅटच्या आसपास ऊन पडते. दीड-पावणेदोन फूट लांब-रुंद तोंडाच्या नेहमीच्या सौरपेटीवर त्याचा पाव हिस्सा, म्हणजे अडीचशे वॅट येतात. काच, फटी, पेटीच्या भिंती यांत बरेच जाऊन दुधाला मिळतात ऐंशी-नव्वद. म्हणजे दोन लिटरला एक तास चढायला आणि अर्धा तास टिकवायला. याच पेटीत पाच लिटर कोंबले तर दुपार सरेल आणि दूध पन्नासावरच घुटमळेल.

आणि खरा धोका इथेच आहे. ३० ते ४५ अंश ही जंतूंना सर्वांत मानवणारी ऊब. विरजण लावताना आपण दूध कोमट करतो ते याचसाठी. कमी उन्हात, मोठ्या पातेल्यात, हळूहळू तापणारे दूध म्हणजे जंतूंची रोपवाटिका. दूध पारदर्शक बाटलीत भरून नुसते उन्हात ठेवण्याचा प्रकारही एकाने मला सांगितला. पाण्याच्या बाबतीत तो चालतो, कारण ऊन पाण्यातून आरपार जाते. दूध पांढरे आणि दाट. वरच्या थराखाली ऊन पोचतच नाही.

पेटी आणि तिचा वापर

सौर कुकर ज्यांच्या घरी माळ्यावर पडून आहे त्यांनी तोच उतरवावा. नसेल तर गावातला सुतार दोन पेट्या एकात एक बसवून देईल. मधल्या तीन-चार बोटे पोकळीत तूस, भुसा किंवा मेंढीची लोकर दाबून भरावी. लोकरीसारखी ऊब धरणारी वस्तू दुसरी नाही, आणि धनगराच्या घरी ती विकत आणावी लागत नाही. थर्माकोल मात्र भरू नये, पेटी तापली की तो मऊ पडून आकसतो. आत काळा रंग दिलेला पत्रा, वर दोन काचा मध्ये बोटभर अंतर ठेवून, आणि झाकणाला आतून आरसा. आरसा ऊन पेटीत लोटतो. काच ऊन आत घेते आणि आतली धग बाहेर जाऊ देत नाही. दुधाचे भांडे पसरट, पातळ जर्मनचे किंवा स्टीलचे, बाहेरून काळे आणि घट्ट झाकणाचे हवे. काळा रंग आतल्या बाजूला लागता कामा नये, एवढे सांगायला नको.

पेटी आधी अर्धा-पाऊण तास रिकामीच उन्हात तापवावी. मग स्वच्छ फडक्याने गाळलेले दूध ठेवावे. दर वीस मिनिटांनी पेटीची दिशा सूर्याकडे वळवावी. तासाभराने झाकण भरकन उघडून स्वच्छ, कोरड्या पळीने दूध तळापासून ढवळावे आणि मधोमध उष्णतामापक धरावा. काटा ६५ वर आल्यावर घड्याळ लावायचे. अर्धा तास मोजायचा तो तिथून; पेटीत ठेवल्यापासून नव्हे. ही गफलत सगळ्यांत जास्त होते. अर्ध्या तासाच्या शेवटी पुन्हा मापायचे आणि तेव्हाही पारा ६३ च्या वरच हवा. साठ मिनिटे ६० वर ठेवले तर चालेल का, असे हटकून विचारले जाते. चालणार नाही.

६३ ऐवजी ६५ का म्हणतो? मापकात अंशभराची चूक असते आणि दुधावरचा फेस-साय आतल्या दुधापेक्षा गार राहते. दोन अंश पदरचे घातलेले बरे. उष्णतामापक शून्य ते ११० अंशांचा, डेअरीचे सामान विकणाऱ्याकडे मिळतो तो घ्यावा. घरातला तापाचा थर्मामीटर दुधात बुडवू नका; तो ४२ अंशांपुढे जात नाही, फुटला तर दूधही गेले. काही देशांत पाण्यासाठी मेणाची छोटी नळी वापरतात. ७० अंशांच्या सुमारास वितळणारे सोयाबीनचे मेण त्यात असते. ते वितळून खाली उतरले की पाणी तापले. ही युक्ती उत्तम, पण आपल्या मेणबत्तीचे मेण त्यासाठी घेऊ नये. ते कितीवर वितळेल याचा नेम नसतो. कधी पन्नाशीतच पाणी होते.

दोन तासांत पारा ६३ वर गेला नाही, ढग आले, वारा सुटला, तर मनाशी वाद न घालता भांडे उचलून चुलीवर ठेवावे आणि दूध उकळावे. पेटीने निम्मे काम केलेच आहे, सरपण निम्मेच लागेल.

तापवण्याइतकेच महत्त्व निववण्याला आहे. पाश्चराइज केलेल्या दुधातले रोगजंतू मेले तरी काही चिवट बीजे शिल्लक राहतात आणि कोमट दुधात ती पुन्हा डोके वर काढतात. म्हणून भांडे झाकणासकट थंड पाण्याच्या घमेल्यात ठेवावे, पाणी दोनदा बदलावे. फ्रीज असेल तर त्यात; नसेल तर ओल्या बारदानात गुंडाळून वाऱ्याच्या जागी, किंवा रांजणाशेजारच्या ओल्या वाळूत. फ्रीजशिवाय हे दूध चार-पाच तासांत संपवावे, राहिले तर उकळून विरजण लावावे. दुसऱ्या भांड्यात ओतू नये. ओतलेच तर ते भांडे उकळत्या पाण्याने विसळलेले हवे. शंभर जंतू मारून पुन्हा फडक्याने पुसलेल्या चरवीत दूध ओतणे म्हणजे आंघोळ करून मळके कपडे घालण्यासारखे.

धार पहाटेची, ऊन दुपारचे

एक अडचण शेतकऱ्यांनी लगेच काढली असेल. धार निघते पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाच-सहाला. ऊन कामाचे असते साडेदहा ते दोन. पहाटेचे दूध दुपारपर्यंत ठेवायचे म्हणजे ते नासायचे. दुधात उपजत काही रोधक द्रव्ये असतात, त्यांचा जोर दोन-तीन तासच. उन्हाळ्यात तर तेवढाही नाही.

माझ्या मते यावर उत्तर म्हणजे दूध न तापवता पाणी तापवून ठेवणे. छपरावर काचनळ्यांचा सोलर हीटर असणारी घरे आता बागायती पट्ट्यात पुष्कळ आहेत. त्याचे पाणी उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत ८० अंशांवर जाते. आणि दुसरी सोय निसर्गाने केलेली आहे: कासेतून निघालेले दूध मुळातच ३७-३८ अंशांचे असते. ते निवायच्या आत तापवले तर थोडी चढण आधीच संपलेली असते. पाच लिटर ताज्या दुधाची स्टीलची किटली ८० अंशांच्या पंधरा लिटर पाण्यात ठेवली तर हिशेबाने दोन्ही मिळून ६९ अंशांच्या आसपास येऊन स्थिरावतात. भांडी आणि हवा चार-पाच अंश खाणार, म्हणजे ६४-६५. पाण्याच्या भांड्याभोवती गोधडी किंवा घोंगडे गुंडाळून, दूध ढवळत ६५ वर आणायचे आणि अर्धा तास तसेच राहू द्यायचे. मधे पारा उतरू लागला तर थोडे पाणी काढून तितकेच गरम घालावे. संध्याकाळच्या धारेला ही रीत चपखल बसते. पहाटेसाठी टाकीतले पाणी रात्रभरात किती उतरते ते आधी मापून पाहावे. ७० च्या खाली गेलेले पाणी या कामाचे नाही. हीटरचे पाणी कडक लागते म्हणून अंदाजाने धकवू नये, इथेही मापक हवाच. आणि ८० अंशांच्या पाण्याने भाजते. लहान मुले अंगणात असताना हा पसारा मांडू नका.

उन्हाने जे होत नाही

उन्हाने असो वा चुलीने, उष्णतेने जंतू मरतात. युरिया, धुण्याची पावडर, तेल यांची भेसळ मरत नाही. बुरशी लागलेल्या पेंडीतून दुधात उतरणारे विषही तसेच राहते. कासदाहासाठी गाईला प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले असेल, तर पशुवैद्य सांगतील तितके दिवस ते दूध कुणी पिऊ नये, तापवूनही नाही. गाठी-गाठी, पू, रक्त येणाऱ्या सडाचे दूध वेगळे काढून टाकून द्यावे.

ब्रुसेलोसिस दुधाखेरीज हातांवाटेही येतो. गाभडलेले वासरू, करडू, वार उघड्या हातांनी ओढणाऱ्यांत हा ताप जास्त. हातमोजे नसतील तर निदान प्लास्टिकच्या पिशव्या हातांना बांधा, वार कुत्र्यांना टाकू नका, चुना घालून खोल पुरा. गाई-म्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना, रेड्यांना आयुष्यात एकदा द्यायची लस आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये सुरू केलेल्या पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती समाविष्ट आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा, आणि आठ महिने उलटू देऊ नका, कारण मोठ्या जनावराला ती देत नाहीत.

आणखी दोन गोष्टी, कारण त्या दर आठवड्याला विचारल्या जातात. वर्षाच्या आतल्या मुलाला आईच्या दुधाऐवजी शेळीचे किंवा गाईचे दूध, कितीही चांगले पाश्चराइज केलेले असले तरी, देऊ नये. शेळीच्या दुधात तर फॉलिक ॲसिड फार कमी असते आणि केवळ त्यावर वाढवलेले मूल पांढरेफटक पडते. दुसरे, खरवसाचे. चीक नीट वाफवून, मधपर्यंत घट्ट शिजवून खा. ओलसर गाभ्याचा खरवस चवीला छान लागतो हे मलाही मान्य आहे, पण नुकत्याच व्यालेल्या जनावराच्या चिकात ब्रुसेलोसिसचे जंतू सर्वांत जास्त असू शकतात.

पेटीतले दूध शेजारी रतिबाला घालायचा विचार असेल तर त्यावर 'पाश्चराइज्ड' असा शब्द लावू नका. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली त्यासाठी नोंदणी आणि तपासणी लागते. दूध पुरेसे तापले की नाही हे प्रयोगशाळेत फॉस्फेटेज नावाच्या चाचणीने कळते. कच्च्या दुधातले हे द्रव्य ६३ अंश-अर्ध्या तासाच्या उष्णतेनेच नष्ट होते, म्हणून ते सापडले की काम कच्चे राहिले. ओळखीच्या डेअरीत एखादा नमुना नेऊन ही चाचणी करून घेता आली तर पहिल्या आठवड्यातच करावी. पेटी कितपत काम देते ते आपले आपल्याला समजते.

पेटीचा हंगाम दिवाळीपासून मेअखेरपर्यंतचा. थंडीत ऊन तिरपे असते, तेव्हा आरसा अधिक उभा ठेवावा आणि दूध दीड लिटरच घ्यावे. मृगाचा पाऊस सुरू झाला की काचा पुसून, लोकर उन्हात वाळवून पेटी माळ्यावर टाकावी आणि दसऱ्यापर्यंत दूध चुलीवर, चांगली एक उकळी येऊ देऊन तापवावे.